आजारी कुत्र्या-मांजरांचं टॉनिक, पावडर आणि जेवण: काउंटरवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगावात माझं जनावरांच्या औषधांचं दुकान आहे. पूर्वी गिऱ्हाईक म्हणजे गाय, म्हैस, बैल, शेळी. कुत्र्या-मांजरांची एकच फळी कोपऱ्यात असायची. आता त्या फळीने अर्धं दुकान गिळलंय. मी फार्मासिस्ट आहे, पशुवैद्य नाही. निदान आणि डोस डॉक्टरांनीच ठरवायचा. पण काउंटरवर तेच ते प्रश्न इतक्यांदा येतात, की एकदाचे लिहून काढले.

"कुत्रं आजारी शे भाऊ, ताकदनी बाटली दे." अशा वेळी कोणती बाटली देता?

आधी विचारतो, जेवतंय का? जेवत असेल तर बाटली लागतेच असं नाही. जेवत नसेल तर बाटलीने भागत नाही. धंद्याला हे उत्तर मारक आहे, माझा धाकटा भाऊ त्यावरून रोज टोमणे मारतो. पण हिशेब बघा. मल्टिव्हिटॅमिन सिरपच्या एका चमच्यात साखरेची पंधराएक कॅलरी असते आणि प्रथिनं जवळपास नसतात. आजारी शरीराला बाहेरून प्रथिनं मिळाली नाहीत की ते स्वतःचे स्नायू तोडून वापरतं. चार दिवसांत कुत्र्याच्या पाठीचा कणा हाताला लागायला लागतो तो यामुळे. ती झीज चमचाभर गोड पाण्याने भरून निघत नाही.

बाटली उपयोगाची कधी? काय कमी पडलंय त्याचं नाव डॉक्टरांनी सांगितलं असेल तेव्हा. बी-१२ कमी आहे, रक्त वाहून गेल्याने लोह कमी आहे, मांजराला टॉरिन (मांस-मासळीतला एक पोषक घटक) मिळत नाही, असं काहीतरी नेमकं. नुसतं "अशक्तपणा" म्हणून दिलेली बाटली बहुतेक वेळा मालकाच्या समाधानासाठी असते. तेही काही वाईट नाही, पण त्या समाधानात दोन दिवस वाया गेले तर वाईट.

सप्लिमेंट आणि औषध यात फरक काय? दोन्ही तुमच्याकडेच तर मिळतात.

बाटली फिरवून मागची बारीक अक्षरं वाचा. बऱ्याच टॉनिकांवर "पशुखाद्य पूरक, औषधी उपयोगासाठी नाही" अशा अर्थाची ओळ असते. म्हणजे ही बाटली रोग बरा करते असा दावा खुद्द कंपनीचाही नाही. पुढच्या बाजूला मात्र उड्या मारणारा जर्मन शेफर्ड छापलेला असतो.

आजारी जनावराच्या पोटात रोज किती जायला हवं?

डॉक्टर एक सोपा हिशेब वापरतात. दोन किलोपेक्षा जास्त वजनाच्या प्राण्यासाठी वजनाला ३० ने गुणायचं आणि ७० मिळवायचे. नुसतं पडून राहायलाही दिवसाला तेवढ्या कॅलरी लागतात. दहा किलोच्या गावठी कुत्र्याला ३७०, चार किलोच्या मांजराला १९०.

आता ३७० म्हणजे घरच्या भाषेत किती? शंभर ग्रॅम उकडलेलं बिनहाडाचं चिकन साधारण १६५, शंभर ग्रॅम शिजलेला भात १३०, एक उकडलेलं अंडं ७५. झाले ३७०. हा काही आयुष्यभराचा आहार नाही, त्यात कॅल्शियम आणि बरंच काही कमी आहे. आजारातल्या चार-सहा दिवसांपुरता मात्र चालतो. आपल्याकडे कुत्र्याला भाकरी-दूध घालायची पद्धत आहे. त्यातून कॅलरी मिळतात, पण आजारात लागतात तेवढी प्रथिनं मिळत नाहीत, आणि मोठ्या कुत्र्यांना दूध अनेकदा पचतही नाही. हगवण लागलेल्याला तर दूध नकोच.

एक सावधगिरी. तीन-चार दिवस पूर्ण उपाशी असलेल्या जनावराला एकदम पोटभर घालू नका. पहिल्या दिवशी हिशेबाच्या पाव ते एक-तृतीयांश, मग दोन-तीन दिवसांत वाढवत पूर्ण. उपाशी शरीरात अचानक भरपूर अन्न गेलं की इन्सुलिन वाढतं आणि रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम पेशींमध्ये ओढलं जातं. त्यांची पातळी एकदम घसरली तर जनावर दगावूही शकतं. हरवलेला कुत्रा आठवड्याने सापडला की घरचे आनंदाने मोठं ताट वाढतात, तिथे हा धोका खरा असतो.

मांजर दोन दिवस जेवलं नाही. मांजरं रुसतातच ना?

रुसतात. पण मांजराचा उपास कुत्र्याच्या उपासासारखा नसतो.

मागच्या पावसाळ्यात भुसावळहून एक ताई आल्या होत्या. कापडी पिशवीत केशरी बोका, चांगला सहा-सात किलोचा. घर बदललं तेव्हापासून रुसलाय, पाचवा दिवस आहे, भूक लागायचं सिरप द्या म्हणाल्या. बोका शांत होता, जरा जास्तच शांत. मी ट्यूबलाइटखाली त्याचा कान उलटा करून पाहिला. आतली कातडी हळदीचं बोट लावल्यासारखी पिवळी. सिरप दिलं नाही, डॉक्टरांचा पत्ता दिला. ताई रागावूनच गेल्या.

होतं असं. मांजर, त्यातही लठ्ठ मांजर, दोन-तीन दिवस जेवलं नाही की अंगातली चरबी सुटून यकृतात येऊन साठायला लागते. मांजराच्या यकृताला ती उपसता येत नाही. यकृत चरबीने भरतं, कावीळ होते, मळमळ वाढते, त्यामुळे मांजर आणखी जेवत नाही. या चक्रातून बाहेर काढायला एकच गोष्ट कामी येते, ती म्हणजे पोटात अन्न जाणं. त्या बोक्याच्या मानेतून अन्ननलिकेत नळी बसवावी लागली. ताई तीन आठवडे दर चार तासांनी त्या नळीतून पातळ केलेलं अन्न देत होत्या. पिचकाऱ्या आणि रिकव्हरीचे, म्हणजे आजाऱ्यांसाठीच्या अन्नाचे डबे न्यायला माझ्याचकडे यायच्या, तोपर्यंत राग गेला होता. एके दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. खाली एक शब्दही नाही, नुसती चाटूनपुसून स्वच्छ केलेली ताटली.

म्हणून मांजराने पूर्ण एक दिवस तोंड लावलं नाही तर डॉक्टरांना फोन करा. दुसऱ्या दिवशी दवाखाना गाठा.

जेवतच नाही, तर भरवायचं कसं?

आधी नाक बघा. सर्दीने नाक चोंदलेलं मांजर जेवत नाही, कारण त्याला वासच येत नाही. कोमट पाण्यात बुडवून पिळलेल्या फडक्याने नाक-डोळे पुसा. अन्न अंगाइतकं कोमट करा. कुत्र्या-मांजरांचं अंग ३८-३९ अंशांचं असतं, तेवढं. फ्रिजमधलं थंडगार चिकन निरोगी मांजरही हुंगून निघून जातं. पसरट ताटली घ्या, थोडंच वाढा, पंधरा मिनिटांनी उचला. शिळं अन्न दिवसभर नाकासमोर ठेवलं की त्याच अन्नाची शिसारी बसते. औषध आवडत्या खाण्यात मिसळण्याची चूकही लोक करतात. औषध तर जात नाहीच, वर आवडतं खाणंही कायमचं सुटतं.

पिचकारीने भरवायचं असेल तर आधी डॉक्टरांकडून करून दाखवून घ्या. डोकं सरळ ठेवायचं, छताकडे वळवायचं नाही. पिचकारी गालाच्या आतल्या खिशात ठेवून एखादा मिली सोडायचा आणि गिळेपर्यंत थांबायचं. उलट्या होत असलेल्या, गुंगीत असलेल्या किंवा धापा टाकणाऱ्या जनावराला पिचकारीने काहीही देऊ नका. अन्न फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो, आणि मूळ आजारापेक्षा तोच जड जातो.

आता जे मी प्रत्येकाला सांगतो ते. कुत्र्याची लाळ गळतेय, जबडा लोंबतोय, आवाज बदललाय, गिळता येत नाही. "घशात हाडूक अडकलंय" म्हणून तोंडात हात घालू नका, टॉनिक पाजू नका. हे रेबीज असू शकतं. हात घातला गेलाच असेल, लाळ लागली असेल, तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस सुरू करा. कुत्र्याचं काय ते नंतर.

भूक वाढवणारी सिरपं खरंच काम करतात का?

बहुतेक बाटल्यांत बी-कॉम्प्लेक्स आणि वनस्पतींचे अर्क असतात. निरुपद्रवी असतात, फार आशा ठेवू नका. भूक खरोखर वाढवणारी औषधं वेगळी, उदाहरणार्थ मिर्टाझापिन. ती डॉक्टर लिहून देतात आणि मळमळ थांबवल्याशिवाय त्यांचाही उपयोग होत नाही.

पार्वो झालाय. डॉक्टरांनी उपाशी ठेवायला सांगितलं की खायला घालायला?

पार्वो म्हणजे कुत्र्यांना, त्यातही पिल्लांना होणारा उलट्या-हगवणीचा आजार. त्याचा विषाणू १९७८ च्या सुमारास जगभर पसरला. पुढे बरीच वर्षं उपचाराची रीत एकच होती, उलट्या थांबेपर्यंत काही द्यायचं नाही. २००३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत झालेला एक अभ्यास छापून आला. ३० पार्वोग्रस्त कुत्री. अर्ध्यांना जुन्या रीतीने उपाशी ठेवलं, अर्ध्यांना दाखल केल्यापासून बारा तासांनी नाकातून घातलेल्या नळीने थोडं थोडं अन्न दिलं. अन्न मिळालेली कुत्री लवकर सावरली आणि त्यांचं वजनही वाढलं. कारण आतड्याच्या अस्तराच्या पेशी आपलं पोषण बरंचसं थेट आतड्यातल्या अन्नातून घेतात. सलाइनमधून नुसतं पाणी आणि क्षार गेले तर अस्तर उपाशीच राहतं.

याचा अर्थ घरी रक्ताच्या उलट्या करणाऱ्या पिल्लाच्या तोंडात खिचडी कोंबा असा नाही. उलटीचं इंजेक्शन, शिरेतून सलाइन आणि मग नळीने थेंब थेंब अन्न, हा सगळा क्रम दवाखान्यातला आहे. घरी ओआरएस पाजत बसू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं, एक लिटर पाण्यात विरघळवायचं पाकीट साध्या हगवणीत आणि पाणी पोटात टिकत असेल तरच कामाचं. पार्वोतल्या पिल्लाच्या पोटात ते टिकत नाही.

अगदी लहान पिल्लू गार पडलं, लुळं झालं, तर दवाखान्यात नेता नेता बोटावर थोडा मध किंवा ग्लुकोजची पेस्ट घेऊन हिरड्यांना चोळा. रक्तातली साखर घसरलेली असते. मोठ्या कुत्र्याला रोज पाण्यातून ग्लुकोज देण्याला मात्र काही अर्थ नाही.

गोचीड तापात रक्तवाढीचं टॉनिक लागतंच ना?

खानदेशात कुत्र्यांच्या टॉनिकांचा सगळ्यात मोठा खप याच आजारामुळे होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. कुत्र्याची तपकिरी गोचीड भिंतीच्या फटीत, दाराच्या चौकटीत राहते. तिच्यामुळे एर्लिकिया, बेबेसिया असे जंतू रक्तात जातात. बेबेसिया तांबड्या पेशी शरीराच्या आतच फोडतो. त्या पेशींमधलं लोह शरीराबाहेर जात नाही, पुन्हा वापरलं जातं. त्यामुळे हिमोग्लोबिन ५ पर्यंत उतरलं तरी लोह कमी असेलच असं नाही. रक्त बाहेर गेलं असेल, म्हणजे अंगावर शेकड्याने गोचिडी, पोटात हुकवर्म नावाचे रक्त पिणारे जंत, जखम, तेव्हा लोह कमी पडतं. दोन्ही कुत्री दिसायला सारखीच, हिरड्या पांढऱ्याफटक. फरक रक्त तपासल्यावर कळतो.

आणखी एक. एर्लिकियावर डॉक्सिसायक्लिन देतात, साधारण चार आठवडे. लोह आणि कॅल्शियम या गोळीला आतड्यातच पकडून ठेवतात, ती रक्तात नीट जात नाही. सकाळी दुधात गोळी, वरून लोहाचं टॉनिक, संध्याकाळी कॅल्शियम, असा बेत कित्येक घरांत चालतो. मग म्हणतात, "औषध लागू पडेना." गोळी जेवणाबरोबर द्या, वरून पाणी पाजा, टॉनिक द्यायचंच असेल तर किमान दोन-तीन तासांचं अंतर ठेवा. मांजराला ही गोळी कोरडी कधीच देऊ नका. ती अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम होते.

पपईच्या पानांचा अर्क? प्लेटलेट वाढतात म्हणून लोक नेतात. कुत्र्यांमधला पुरावा तुटपुंजा आहे. द्यायचा तर द्या, पण डॉक्सिसायक्लिनऐवजी नको.

लिव्हर टॉनिक सगळ्याच आजारांत का लिहून देतात?

सवय. यकृताचा खरा आजार असेल तर सिलिमारिन आणि एसएएम-ई या दोन पूरक घटकांना काही आधार आहे. एसएएम-ईची गोळी उपाशीपोटी आणि अख्खी द्यायची, तोडली-कुटली की वाया जाते. बाकीच्यांचं फार मनावर घेऊ नका.

घरात माणसांच्या गोळ्या उरल्यात. त्याच दिल्या तर?

यावर मात्र मी चिडतो. व्हिटॅमिन डी-३ ची ६०,००० युनिटची पुडी आता घरोघरी असते, आठवड्याला एक. दहा किलोच्या कुत्र्याला दिवसाला शे-दीडशे युनिट पुरतात. म्हणजे एका पुडीत त्याचा वर्षभराहून जास्त दिवसांचा साठा. तो एका दिवसात पोटात गेला की रक्तात कॅल्शियम चढू शकतं आणि मूत्रपिंडं खराब होऊ शकतात. पुडी गोड असते, कुत्रं आपणहूनही फोडून खातं. कपाटात वर ठेवा.

शुगर-फ्री सिरपात, च्युइंगममध्ये, काही पीनट बटरमध्ये झायलिटॉल नावाचा साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ असतो. कुत्र्याच्या रक्तातली साखर त्याने अर्ध्या-एक तासातही कोसळू शकते, पुढे यकृत निकामी होऊ शकतं. मांजराला पॅरासिटामॉल म्हणजे विष, अर्धी गोळीही. अंगणवाडीच्या लोहाच्या गोळ्या पिल्लाला "रक्त वाढावं" म्हणून देऊ नका. त्यांचं प्रमाण माणसाच्या वजनासाठी ठरवलेलं असतं.

आजाऱ्याला मनुका देण्याची रीत आपल्याकडे जुनी. कुत्र्याला मनुका, द्राक्षं अजिबात नकोत, मूत्रपिंडं बंद पडतात. त्यातलं टार्टारिक आम्ल याला कारण असावं असा संशय आहे, आणि ते चिंचेतही असतं.

गोठ्यात गायीचं कॅल्शियम पडलंय, त्यातलंच चमचाभर?

परवा एरंडोलकडचे एक जिभाऊ हाच प्रश्न घेऊन आले. पाच लिटरचा कॅन, "एवढ्यातलं चमचाभर काय होणार?" गाय चारशे किलोची, कुत्रं पंधरा. कॅनवरचा डोस गायीसाठीचा. गुरांच्या खनिज मिश्रणात तांबं आणि इतर खनिजं गायीच्या हिशेबाने असतात, रवंथ करणाऱ्या पोटाच्या हिशेबाने असतात. नको.

पिल्लाचे पाय वाकडे होताहेत. कॅल्शियम वाढवू?

पिल्लू काय खातं त्यावर आहे. पाकिटातलं चांगलं पपी फूड खाणाऱ्या लॅब्राडोर, रॉटवायलर, जर्मन शेफर्डच्या पिल्लाला वरून कॅल्शियम दिलं तर हाडं बिघडतात. मोठ्या जातीच्या पिल्लांना जास्तीचं कॅल्शियम आतड्यातून नाकारता येत नाही. पाय वाकतो, मालक आणखी एक चमचा वाढवतो. उलट फक्त चिकन-भातावर वाढणाऱ्या पिल्लाला कॅल्शियम खरोखरच कमी पडतं, उडी मारली तरी हाड मोडतं. दोन पिल्लं, दिसायला एकच तक्रार, उपाय उलटे. एक्स-रे आणि आहार सांगितल्याशिवाय मी बाटली देत नाही.

व्यायलेल्या कुत्रीचं वेगळं. पिल्लं झाल्यावर पहिल्या तीन-चार आठवड्यांत, विशेषतः लहान जातीची आणि पिल्लं जास्त असलेली कुत्री थरथरू लागली, पाय ताठ करून चालू लागली, अंग तापलं, तर ती सिरपाची वेळ नाही. शिरेतून हळूहळू कॅल्शियम द्यावं लागतं, तेही डॉक्टरांनी हृदयाचे ठोके ऐकत. गाभण असताना भरमसाट कॅल्शियम दिलेल्या कुत्रीला हे व्हायची शक्यता जास्त, कारण हाडातून कॅल्शियम सोडणारी यंत्रणा तोवर झोपी गेलेली असते.

आमचं घर शुद्ध शाकाहारी आहे. आजारी मांजराला पनीर, दूध, डाळ-भात चालेल?

जळगावात हा प्रश्न वारंवार येतो आणि विचारणारे मनापासून विचारतात. कुत्र्याचं एकवेळ निभावतं, तेही अंडं, दही, पनीर घालून आणि डॉक्टरांच्या देखरेखीत. मांजराचं नाही. मांजराच्या शरीराला टॉरिन पुरेसं तयार करता येत नाही आणि ते मांस-मासळीतच मिळतं. टॉरिन कमी पडलं तर डोळ्याचा पडदा खराब होतो आणि हृदय फुगून ढिलं पडतं. हृदयाचा हा संबंध १९८७ मध्ये कळला, त्यानंतर मांजराच्या पाकीटबंद अन्नात टॉरिन वाढवलं गेलं. गाजरातलं बीटा-कॅरोटिनही मांजराला व्हिटॅमिन ए मध्ये बदलता येत नाही, त्याला तयार व्हिटॅमिन ए लागतं.

घरात मांस शिजवणं शक्य नसेल तर मांजराचं डबाबंद अन्न आणा आणि त्याची ताटली-चमचा वेगळा ठेवा. माझ्याकडची काही शाकाहारी घरं गेली कित्येक वर्षं असंच करतात, गॅलरीत ताटली, गॅलरीतच धुणं. आजीबाई तिकडे बघत नाहीत, पण मांजर दिसलं नाही की आधी त्याच विचारतात.

कलेजी रोज दिली तर ताकद येईल?

कधीमधी एखादा तुकडा ठीक. रोज फक्त कलेजीवर वाढलेल्या मांजरात व्हिटॅमिन ए साठत जातं, मानेचे मणके एकमेकांना जुळून येतात, मांजराला मान वळवता येत नाही. तापी-गिरणेची ताजी मासळी मांजरांना कच्ची घालतात, तेही टाळा. काही माशांमध्ये थायमिन, म्हणजे बी-१ नष्ट करणारा घटक असतो. शिजवलं की तो जातो.

माशाचं तेल आणि कॉड लिव्हर ऑइल एकच का?

एक नाही. माशाच्या तेलात ओमेगा-३ असतं. सांधे, कातडी, मूत्रपिंडाच्या जुन्या दुखण्यात ते उपयोगी पडतं, परिणाम दिसायला आठवडे लागतात. कॉड लिव्हर ऑइलमध्ये त्याशिवाय व्हिटॅमिन ए आणि डी भरपूर असतात. माशाच्या तेलाच्या डोसने ते पाजत राहिलं तर विषबाधा होऊ शकते. नाव नीट वाचून मागा.

हगवणीत दही, इसबगोल, प्रोबायोटिक?

साध्या हगवणीत कुत्र्यांना प्रोबायोटिकचा, म्हणजे पोटाला उपयोगी जिवंत जंतूंच्या पावडरीचा, थोडा फायदा होतो, हगवण एखादा दिवस आधी थांबते. दह्यातले जंतू पाकिटातल्या जंतूंइतके मोजून नसतात, पण ताज्या दह्याचे दोन चमचे पचत असतील तर हरकत नाही. शेम पडत असेल, थोडं थोडं वारंवार होत असेल, तर भिजवलेला इसबगोल किंवा उकडलेलं गंगाफळ, म्हणजे लाल भोपळा, चांगलं. बिनमिठाचं, बिनफोडणीचं.

आणि साठवण. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ ला टेकतो. प्रोबायोटिकमधले जंतू जिवंत असतील तरच उपयोग. गाडीच्या डिकीत दुपारभर राहिलेलं पाकीट म्हणजे महागडी पिठी. कुरिअरने ऑनलाइन मागवलेल्या पाकिटाचंही उन्हाळ्यात तेच होतं. हे मी दुकानदार म्हणून बोलतोय असं वाटेल, बोलतोही असेन.

केळं चालतं का?

जळगावात राहून हा प्रश्न विचारायलाच हवा. कुत्र्याला दोन-चार चकत्या चालतात. मूत्रपिंडाच्या आजारात पोटॅशियममुळे डॉक्टरांना विचारून. मांजराला गोडाची चवच कळत नाही, ते फक्त तुमच्या आग्रहाखातर हुंगेल.

शेवभाजीचा रस्सा, मटणाचं पाणी, भरीत?

नाही. कांदा आणि लसूण, कच्चा असो की शिजलेला, कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या पेशी फोडतो, मांजरांच्या तर लवकरच. भरितात कांद्याची पात घातलेली असते. रस्स्यावर तेलाचा तवंग असतो, आणि तेलकट-तुपकट खाण्याने स्वादुपिंडाला सूज येऊन कुत्रं पुन्हा दवाखान्यात. सूप द्यायचं तर नुसत्या पाण्यात उकडलेल्या चिकनचं, वरची चरबी काढून. त्यातही पोषण चिकनमध्ये असतं, पाण्यात बहुतेक वासच. तो वास जेवण सुरू करून देतो, एवढं काम पुरे.

जिममधली प्रोटीन पावडर?

मूत्रपिंड खराब असेल तर जास्तीचं प्रथिन आणि फॉस्फरस अंगाशी येतं. वर त्यात गोडी आणणारे काय काय घातलेलं असतं. अंडं उकडा. पांढरं कच्चं देऊ नका, कच्च्या पांढऱ्यात बायोटिन अडवणारा घटक असतो.

सर्दीच्या मांजराला लायसिन?

लायसिन हे एक अमिनो आम्ल, प्रथिनाचा घटक. पूर्वी मीही विकायचो. उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतल्यावर फायदा दिसला नाही. आता ठेवत नाही.

बी-१२ चं इंजेक्शनच हवं की गोळी चालते?

आतड्याचा जुना आजार असेल तर बी-१२ खरंच कमी होतं, आणि ते भरल्याशिवाय हगवणीचं औषध नीट लागू पडत नाही. पूर्वी आठवड्याला एक अशी सहा इंजेक्शनं हीच रीत होती. रोज गोळी दिली तरी पातळी वाढते असं आता दिसलं आहे. मांजराला रोज गोळी देणं जमतं का ते तुमचं तुम्ही ठरवा, माझ्या मनगटावर अजून वण आहे.

दुकानात न येता थेट डॉक्टरांकडे कधी जायचं?

हिरड्या पांढऱ्या किंवा पिवळ्या. रक्ताची उलटी, काळी हगवण. लघवीला बसतंय आणि होत नाही, बोक्याचं तर विशेष. उन्हातून आलेलं कुत्रं धापा टाकतंय, लडखडतंय. त्याला आधी साध्या पाण्याने भिजवा, वारा घाला, मग उचला. तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात कुत्री-मांजरंही बघतात. १९६२ हा जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा फोन नंबर मुख्यतः गुरांसाठी आहे. मोठ्या तपासणीसाठी डॉक्टर अकोल्याच्या पशुवैद्यक संस्थेत पाठवतात. भुसावळहून रेल्वे आहे, पण जनावर नेण्याचे नियम आदल्या दिवशीच स्टेशनवर विचारून घ्या.

कुत्रं बरं झालं, बाटली उरली. परत घेता का?

सील असेल आणि बिल असेल तर घेतो. सील फुटलेली नाही घेत. उरलेली शेजारच्या कुत्र्याला देऊ नका, त्याला काय कमी आहे हे कुणी बघितलेलं नाही. झाकणावर उघडल्याची तारीख पेनाने लिहा, बाटलीवर दिलेले दिवस उलटले की टाकून द्या. आणि चिकट झाकण पुसून लावत जा, मुंग्या थेट माझ्या रॅकपर्यंत येतात.